गाडीच्या स्टिरिओतून रेडिओ स्वच्छ ऐकू येत नसेल तर: शिट्टी, खरखर आणि पोकळ आवाज यांचा शोध

लक्षणे

सोलापुरात गाडीतल्या रेडिओच्या ज्या तक्रारी माझ्याकडे वर्षानुवर्षे येत आहेत, त्या बहुतेक ‘आवाज खराब येतो’ एवढ्याच शब्दांत सांगितल्या जातात. मात्र तो कशा प्रकारे खराब येतो हे लक्ष देऊन ऐकले, तर दोष कोणत्या भागात आहे हे हातात स्क्रू ड्रायव्हर घेण्यापूर्वीच बरेचसे कळते. त्यामुळे आपल्या गाडीत नेमके काय घडते ते आधी ओळखावे.

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे इंजिन सुरू होताच येणारी बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की ती वर चढते, सोडला की खाली उतरते, आणि इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली तर आवाज निर्मळ असतो. दुसऱ्या प्रकारात सतत खरखर असते, गाडी पुढे सरकेल तशी ती कमीजास्त होते आणि मध्येच भलत्याच स्टेशनवरची जाहिरात घुसते. तिसऱ्या प्रकारात गाण्यातील वाद्ये ऐकू येतात, पण गायकाचा आवाज दूर गेल्यासारखा पोकळ होतो, आणि बातम्या लावल्या तर निवेदक जवळजवळ नाहीसाच होतो. चौथ्या प्रकारात सगळाच आवाज टेलिफोनवरून आल्यासारखा बारीक आणि चपटा वाटतो. कधी हळू आवाजात सारे ठीक असते आणि मोठा केला की आवाज फाटतो. कधी आवाज काही क्षण पूर्ण थांबतो आणि पुन्हा स्वच्छ सुरू होतो. मधल्या वेळेत खरखर अजिबात नसते. याशिवाय दुपारच्या उन्हात उद्भवणारा आणि सकाळी गाडी थंड असताना नाहीसा होणारा दोष हा एक स्वतंत्र प्रकार आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या आपल्या शहरात तो विशेष दिसतो, म्हणून दिवसाच्या कोणत्या वेळी त्रास होतो हेही लक्षात ठेवावे.

दोष उपग्रहाकडे आहे की गाडीकडे

अनेक जण ‘सॅटेलाइट रेडिओ नीट वाजत नाही’ असे सांगत येतात, म्हणून वस्तुस्थिती आधी स्पष्ट करतो. भारतात वर्ल्डस्पेस कंपनीची उपग्रह रेडिओ सेवा १०५ अंश पूर्व रेखांशावरील एशियास्टार उपग्रहावरून मिळत असे आणि ती ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाली. गाडीतील उपग्रह रेडिओ म्हणून आज ज्या सेवेचे नाव घेतले जाते, ती सिरियस एक्सएम. सिरियस आणि एक्सएम या दोन कंपन्या २००८ मध्ये एकत्र आल्या आणि त्यांचे प्रसारण २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उत्तर अमेरिकेसाठी होते. तिकडे राहणाऱ्या मुलांनी पाठवलेला किंवा परतताना सोबत आणलेला असा संच सोलापुरात कोणत्याही दुरुस्तीने कार्यक्रम पकडणार नाही, कारण त्या उपग्रहांचा झोत इथवर पोहोचतच नाही. त्यासाठी नवी अँटेना घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्वेवरील जीसॅट-१५ उपग्रहावरून खरोखर येतात. मात्र त्यासाठी डिश एका दिशेला रोखून पक्की बसवावी लागते, आणि चालत्या गाडीत ते शक्य नसते. म्हणून आपल्याकडे गाडीत दूरचा रेडिओ ऐकायचा म्हणजे मोबाइलवर न्यूजऑनएअर किंवा तत्सम ॲप लावायचे आणि तो आवाज ब्लूटूथने, ऑक्स केबलने (इअरफोनसारख्या पिनेच्या वायरीने) किंवा एफएम ट्रान्समीटरने (लायटरमध्ये बसणाऱ्या छोट्या प्रक्षेपकाने) स्टिरिओपर्यंत न्यायचा.

या साऱ्या तपासण्यांचा पाया एकाच गोष्टीवर आहे. उपग्रहावरून असो वा मोबाइलच्या नेटवर्कवरून असो, येणारा आवाज डिजिटल असतो आणि डिजिटल आवाजाला खरखर होत नाही. तो स्वच्छ वाजतो, किंवा तुटतो, किंवा पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. म्हणजे आवाज मध्येच थांबून पुन्हा स्वच्छ येत असेल, तर कारण सिग्नलमध्ये आहे. आणि शिट्टी, खरखर किंवा घुंई असा आवाज येत असेल, तर तो बिघाड मोबाइलपासून स्पीकरपर्यंतच्या शेवटच्या काही फुटांत, गाडीच्या आतच घडत आहे. आषाढीच्या दिवसांत पंढरपूरच्या वाटेवर माणसांच्या गर्दीबरोबर मोबाइल नेटवर्कवरही ताण येतो आणि ॲपमधला आवाज तुटू लागतो. अशा वेळी स्टिरिओ बाहेर काढून बघण्यात काहीही अर्थ नाही. गर्दीतून बाहेर पडल्यावर आवाज आपोआप सुरळीत होतो.

काहीही खर्च न करता होणाऱ्या तपासण्या

पहिली तपासणी म्हणजे तोच कार्यक्रम मोबाइलला इअरफोन लावून ऐकणे. तिथेही आवाज बिघडलेला असेल, तर गाडीचा संबंध नाही. ॲपमधील आवाजाची गुणवत्ता, डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हर या सेटिंग्ज पाहाव्यात, कारण डेटा वाचवण्यासाठी आवाज दाबला गेला की तो बुडबुडतो आणि बॅटरी वाचवण्यासाठी फोन ॲपलाच मध्येच झोपवतो. ही तपासणी क्षुल्लक वाटते म्हणून जवळजवळ सगळे ती टाळतात, आणि नंतर चांगला असलेला स्टिरिओ उगाच उघडला जातो.

दुसरी तपासणी दोन व्हॉल्यूमची आहे. मोबाइलचा आवाज अगदी कमी आणि स्टिरिओचा भरपूर ठेवला, तर स्टिरिओ कार्यक्रमाबरोबर वायरमधली खरखरही तितकीच मोठी करतो. उलट मोबाइल शेवटच्या टोकापर्यंत वाढवला, तर ऑक्सच्या किंवा ट्रान्समीटरच्या शिरकावालाच आवाज फाटतो आणि पुढे कितीही कमी केला तरी तो फाटलेलाच राहतो. मोबाइल तीनचतुर्थांशाच्या थोडा वर ठेवून उरलेली वाढ स्टिरिओवरून करावी. एफएम ट्रान्समीटर वापरणाऱ्यांनी मोबाइल याहूनही थोडा खाली ठेवावा, कारण त्याची क्षमता ओलांडली की ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे चिरकी होतात. बेस, ट्रेबल आणि लाउडनेस ही तिन्ही बटणे मधल्या जागी आणून मगच पुढचे काही ठरवावे.

तिसरी तपासणी शिट्टीच्या तक्रारीत निर्णायक ठरते, आणि तीसुद्धा फुकटच आहे. इंजिन सुरू ठेवून लायटरच्या सॉकेटमधील मोबाइल चार्जर उपसून काढावा. शिट्टी त्याच क्षणी थांबली, तर दोष अर्थच्या, म्हणजे अर्थिंगच्या, फेऱ्याचा आहे. स्टिरिओला गाडीच्या बॉडीवरून एका ठिकाणी अर्थ मिळतो आणि चार्जरला सॉकेटमधून दुसऱ्या ठिकाणी. या दोन जागांमध्ये अल्टरनेटरच्या, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला डायनमो म्हणतात त्याच्या, प्रवाहामुळे अगदी थोडा विद्युत दाब उभा राहतो, आणि फोन एकीकडे चार्जरला व दुसरीकडे ऑक्स केबलला जोडलेला असल्याने तो दाब ऑक्सच्या वायरीतून वाहू लागतो. अल्टरनेटर इंजिनबरोबर फिरतो, म्हणून ॲक्सिलरेटरबरोबर शिट्टीही चढते-उतरते. फोन आधी चार्ज करून गाडीत चार्जर न लावणे हा यावरचा पूर्ण आणि बिनखर्ची उपाय आहे, आणि रोजच्या छोट्या अंतरांना तो पुरतो.

चार्जरबरोबर डॅशकॅमचीही पिन काढून पाहावी. अलीकडे अनेक टॅक्सींत डॅशकॅम दिसतो, आणि त्यातल्या स्वस्त ॲडॉप्टरमधून आणि काचेच्या कडेने नेलेल्या त्याच्या वायरीतून एफएमच्या पट्ट्यातच विद्युत गोंधळ बाहेर पडतो. काचेतच अँटेना असलेल्या गाडीत डॅशकॅमची वायर तिच्याच शेजारून गेली, तर कालपर्यंत ठणठणीत लागणारे आकाशवाणी सोलापूरही खरखरू लागते. बाजारातून बसवलेले एलईडी हेडलाइटही असाच त्रास देतात. रात्री दिवे लावल्यावरच खरखर सुरू होत असेल, तर संशय तिथे घ्यावा.

ब्लूटूथने जोडणाऱ्यांसाठी एक वेगळी सेटिंग आहे. आवाज टेलिफोनसारखा बारीक येत असेल, तर स्टिरिओ मोबाइलशी केवळ कॉलसाठी जोडला गेलेला असतो. फोनच्या ब्लूटूथ यादीत स्टिरिओच्या नावावर जाऊन ‘मीडिया ऑडिओ’ सुरू आहे का ते पाहावे. तेवढ्याने भागले नाही, तर फोन आणि स्टिरिओ या दोन्हींवरून जुनी जोडणी पुसून नव्याने जोडावे. गाडीत दोघांचे फोन एकाच वेळी जोडलेले असले तरीही असे होते, कारण दुसऱ्या फोनवर संदेश आला की स्टिरिओ तिकडे वळतो.

ब्लूटूथचा निदानासाठीही चांगला उपयोग होतो. ब्लूटूथमध्ये फोन आणि स्टिरिओ यांच्यात वायर नसते, त्यामुळे तिथे अर्थचा फेरा तयार होऊच शकत नाही. ऑक्सवर शिट्टी येते आणि ब्लूटूथवर येत नाही, तर स्टिरिओ निर्दोष आहे. दोन्हींवर येते, तर दोष स्टिरिओच्या स्वतःच्या पुरवठ्यात, अर्थमध्ये किंवा ॲम्प्लिफायरमध्ये आहे. फक्त एफएमवर येते, तर ती अँटेनातून शिरते. असाच दुसरा निकष आवाज शून्यावर आणून मिळतो: आवाज कमी केल्यावर शिट्टीही कमी झाली, तर ती व्हॉल्यूमच्या अलीकडून, म्हणजे फोन, केबल किंवा अँटेनाकडून येत आहे, शून्यावरही ती तशीच राहिली, तर ती व्हॉल्यूमच्या पलीकडून, म्हणजे ॲम्प्लिफायर किंवा स्पीकरच्या वायरींमधून येत आहे. या दोन चाचण्यांना पाच मिनिटे लागतात आणि त्यांनी अर्धी गाडी उघडण्याचे काम वाचते.

एफएम ट्रान्समीटर वापरत असाल तर

जुन्या गाड्यांत ऑक्सची सोय नसते, म्हणून लायटरमध्ये बसणारे ट्रान्समीटर अजूनही भरपूर विकले जातात, आणि खरखरीच्या तक्रारीतही त्यांचाच भरणा अधिक असतो. हे उपकरण म्हणजे अगदी कमी ताकदीचे एक स्टेशनच असते. एफएमचा स्वभाव असा, की एकाच जागी दोन सिग्नल आले तर जो बलवान तोच ऐकू येतो. म्हणून निवडलेल्या जागी कोणतेच स्टेशन असता कामा नये, आणि शेजारच्या दोन्ही बाजूंनाही शक्य तेवढी मोकळीक असावी. ट्रान्समीटर बंद ठेवून स्टिरिओवर हळूहळू फिरत जिथे केवळ समान, शांत सूंऽऽ असा आवाज आहे अशी जागा शोधावी. तिथे कुजबुज जरी ऐकू आली, तरी ती जागा सोडावी.

सोलापुरात मोकळी असलेली जागा पुण्यापर्यंत मोकळी राहील असे मात्र गृहीत धरू नये. राष्ट्रीय महामार्ग ६५ वरून मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर असे पुढे गेल्यावर पुण्याची बलवान स्टेशने लागू लागतात. तुळजापूरच्या दिशेला धाराशिवचे, दक्षिणेला विजयपुराचे आणि पूर्वेला कलबुर्गीचे आकाशवाणी केंद्र पट्ट्यात येते. जे या रस्त्यांवर नेहमी ये-जा करतात त्यांनी प्रत्येक दिशेसाठी एक मोकळी जागा शोधून ती स्टिरिओच्या प्रीसेटवर ठेवावी, म्हणजे चालवताना बटणे शोधत बसावे लागत नाही. जागा बदलणे गाडी थांबवूनच करावे.

परदेशातून आणलेल्या किंवा आयात केलेल्या स्टिरिओत आणखी एक अडचण असते आणि ती ओळखणारे फार थोडे आहेत. अमेरिकेत एफएम स्टेशनांमध्ये ०.२ मेगाहर्ट्झचे अंतर असते आणि दशांशाच्या जागी विषम आकडाच येतो, जसे ८८.१, ८८.३. स्टिरिओचा विभाग अमेरिकेवर ठेवलेला असेल, तर दशांशाच्या जागी सम आकडा असलेले स्टेशन नीट जुळतच नाही. एका पायरीने चुकलेले ऐकू येते आणि आवाज चिरका, फाटका वाटतो. सेटिंगमध्ये ‘एरिया’ किंवा ‘रीजन’ शोधून तो आशिया किंवा युरोप करावा. तसेच एफएमवर पाठवताना उंच स्वर मुद्दाम वाढवलेले असतात आणि घेणारा संच ते तेवढेच उतरवतो, ज्यामुळे खरखर दबते. हे प्रमाण भारतात ५० मायक्रोसेकंद आहे, अमेरिकेत ७५. तिकडच्या बाजारासाठी बनलेला ट्रान्समीटर आपल्या स्टिरिओवर किंचित टोचणारा वाजतो, तो यामुळे. ट्रेबल दोन घरे कमी केली की ते पुरेसे होते. त्यासाठी नवे उपकरण घेण्याची गरज नाही.

एवढे करूनही माझे स्पष्ट मत असे आहे, की स्टिरिओच्या मागे ऑक्सची जागा असेल तर ट्रान्समीटरच्या मागे लागू नये. वायरीने येणारा आवाज त्याहून नेहमीच चांगला असतो.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

पोकळ आवाजाच्या तक्रारीत नव्वद टक्के काम ऑक्सच्या पिनेपाशी संपते असे म्हटले तरी चालेल. पिनेतील अर्थचा स्पर्श तुटला, की स्टिरिओला डाव्या आणि उजव्या आवाजातील फरक तेवढाच मिळतो. निवेदकाचा किंवा गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असल्याने तो वजा होऊन नाहीसा होतो आणि दोन बाजूंना वेगवेगळी असलेली वाद्ये उरतात. म्हणून गाणे कसेबसे ऐकू येते आणि बातम्या मात्र लागतच नाहीत. पिन शेवटपर्यंत आत गेली आहे का ते पाहावे. मोबाइलच्या जाड कव्हरमुळे ती बऱ्याचदा एक-दोन मिलिमीटर बाहेर राहते. आपल्याकडची बारीक काळी धूळ जॅकमध्ये घट्ट बसते, ती लाकडी काडीने अलगद काढावी. टाचणी किंवा सुई आत घालू नये, स्पर्श वाकतात. मग पिन हलकेच फिरवून पाहावी. फिरवताना आवाज येत-जात असेल, तर नवी केबल घ्यावी. नवी पेठेत ती शंभर-दोनशे रुपयांत मिळते आणि जुनी केबल टेप गुंडाळून वापरण्यापेक्षा ते कधीही चांगले. नव्या केबलनेही फरक पडला नाही, तर जॅकचे सोल्डर तडकले आहे असे समजावे. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमागे ते वारंवार होते, आणि दुपारी दिसणाऱ्या दोषाचे हेच सर्वांत नेहमीचे कारण आहे.

चार्जर लावल्यावरच शिट्टी येत असेल आणि लांबच्या प्रवासात चार्जिंगही हवेच असेल, तर ऑक्सच्या मार्गात ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा. त्यात दोन लहानसे ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि दोन्हीकडच्या अर्थचा थेट संबंध तुटतो. काही शे रुपयांत मिळणारी ही वस्तू शिट्टी पूर्ण थांबवते. फार स्वस्त आयसोलेटर बेस थोडा पातळ करतो, म्हणून घेण्यापूर्वी शक्य असल्यास गाडीत लावून ऐकावा. मात्र चार्जर काढूनही शिट्टी राहत असेल, तर आयसोलेटर आणण्यात अर्थ नाही. म्हणूनच वरची फुकटची तपासणी आधी सांगितली आहे.

खरखर फक्त एफएमवर असेल, तर अँटेना पाहावी. छपरावरची दांडी आट्यांत नीट आवळलेली आहे का आणि तिच्या बुडाशी गंज आहे का ते हाताने कळते. स्टिरिओ बाहेर काढता येत असेल, तर मागची अँटेनाची पिन पूर्ण बसली आहे का ते तपासावे. नवा स्टिरिओ बसवल्यापासून स्टेशने अशक्त झाली असतील, तर एक नेमके कारण शोधावे: आजच्या अनेक गाड्यांत अँटेनाला बूस्टर असतो आणि त्याला १२ व्होल्ट स्टिरिओच्या निळ्या वायरीतून मिळतात. बसवणाऱ्याने ती वायर मोकळी सोडली, की बूस्टर बंद राहतो आणि शहराबाहेर पडताच स्टेशन जाते. ही वायर जोडणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि ज्याने स्टिरिओ बसवला त्याच्याकडून ते विनामूल्य करून घेण्याचा आपल्याला हक्क आहे.

मल्टिमीटर हाती असणाऱ्यांसाठी

इथून पुढच्या तपासण्या ज्यांना वायरींची सवय आहे त्यांनीच कराव्यात, आणि बॅटरीची ऋण बाजू काढल्याशिवाय कोणतीही वायर सोडू वा जोडू नये. मापे मात्र अर्थातच बॅटरी जोडलेली असतानाच घ्यावी लागतात.

इंजिन काही तास बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. त्यानंतर मीटर एसी व्होल्टवर ठेवून इंजिन थोडे वाढवून बॅटरीच्या टोकांवर पाहावे. तिथे अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसले, तर अल्टरनेटरच्या आतील डायोड कमकुवत झाल्याची शंका घ्यावी. अल्टरनेटर मुळात एसी वीज तयार करतो आणि डायोड ती सरळ करतात. एक डायोड गेला की लहरी तशाच पुढे येतात आणि शिट्टी आयसोलेटरलाही जुमानत नाही. अशा वेळी स्टिरिओला दोष देत बसलो, तर काही दिवसांनी बॅटरीही जाते. नव्या गाड्यांत संगणकाच्या हुकमाने व्होल्टेज खाली-वर होत असते, त्यामुळे त्यांत नुसत्या डीसी आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

त्यानंतर स्टिरिओचा अर्थ. स्टिरिओ मध्यम आवाजात वाजत असताना मीटरची एक टोकणी त्याच्या काळ्या वायरीला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी. ०.१ व्होल्टपेक्षा बरेच अधिक दिसले, तर वाटेत कुठेतरी अर्थ सैल, गंजलेला किंवा रंगावरच आवळलेला आहे. स्क्रूखालचा रंग खरवडून, धातू चकचकीत करून, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळावे. बरेच जण काळी वायर डॅशबोर्डमागच्या मिळेल त्या पट्टीला गुंडाळतात, आणि ती पट्टी पुढे प्लॅस्टिकमध्ये संपत असते.

आवाज फाटत असेल तर स्पीकर. चार ओहमचा स्पीकर मीटरवर सव्वातीन ते पावणेचारच्या आसपास दिसतो; फारच कमी किंवा अनंत दिसला, तर तो गेला. वायर सोडून दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की स्वच्छ ‘टप्’ असा आवाज यावा. घासल्यासारखा आला तर कॉइल घासत आहे. इथे एक सक्त सूचना: आजच्या स्टिरिओत स्पीकरची ऋण वायर कधीही बॉडीला जोडू नये. जुन्या टेपमध्ये तसे चालत असे, म्हणून काही हातांना अजून ती सवय आहे. आताच्या स्टिरिओत दोन्ही वायरींवर दाब असतो आणि असे जोडल्यास आउटपुट आयसी, म्हणजे स्पीकर चालवणारी चिप, जळते.

ट्रक, टेम्पो आणि ट्रॅव्हल्स

अवजड वाहनांत २४ व्होल्ट असतात आणि स्टिरिओ १२ व्होल्टचा. दोनपैकी एकाच बॅटरीवरून जोड घेण्याची पद्धत महामार्गावर सर्रास दिसते. त्यामुळे एक बॅटरी सतत कमी भरते, दुसरी जास्त, आणि दोन्ही वेळेआधी मरतात. योग्य मार्ग म्हणजे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर. तो स्वस्तातला असेल तर स्वतःच एफएमवर खरखर करतो. ओळखण्यासाठी कन्व्हर्टरपासून पूर्ण वेगळा, सेलवर चालणारा छोटा रेडिओ केबिनमध्ये धरून पाहावा. कन्व्हर्टर सुरू करताच तोही खरखरला, तर कारण सापडले. धातूच्या पेटीतला, पुरेशा अँपिअरचा कन्व्हर्टर घेऊन तो अँटेनाच्या वायरीपासून दूर बसवावा.

कुठे थांबावे

पिवळ्या रंगाचे कनेक्टर किंवा पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या, की हात मागे घ्यावा. त्या एअरबॅगच्या असतात आणि चुकीच्या स्पर्शाने एअरबॅग उडून गंभीर इजा होऊ शकते. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतील नारिंगी केबलना तर कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये, त्यांत प्राणघातक दाब असतो. वॉरंटीतील गाडीची मूळ वायर कापू नये. एकच फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालू नये. वायर तापून आग लागते. जळका वास आला तर स्टिरिओ त्याच क्षणी बंद करून गाडी जाणकाराकडे न्यावी. अल्टरनेटरवर संशय असेल, तर तो ऑटो इलेक्ट्रिशियनकडे टेस्ट बेंचवर तपासून घ्यावा.

ॲम्प्लिफायर बसवल्यापासून किंवा त्याच्या वायरींना हात लागल्यापासून शिट्टी सुरू झाली असेल, तर तेही काम अनुभवी माणसाचेच आहे. त्याला दोन गोष्टी पाहायला सांगाव्यात. एक म्हणजे स्टिरिओतून ॲम्प्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबल आणि बॅटरीची जाड केबल गाडीच्या एकाच बाजूने शेजारी शेजारी तर नेलेल्या नाहीत ना. दुसरे म्हणजे स्टिरिओतील आरसीएचा अंतर्गत अर्थ शाबूत आहे का. स्टिरिओ चालू असताना आरसीए पिनेचे बाहेरचे कडे चुकून १२ व्होल्टला टेकले, तर आतला केसासारखा फ्यूज उडतो, स्टिरिओ वाजत राहतो आणि शिट्टी कायमची मागे लागते. आरसीएचे बाहेरचे कडे आणि स्टिरिओची धातूची पेटी यांना वायरीचा तुकडा जोडताच शिट्टी थांबली, तर हाच दोष आहे. तो बोर्डावर सूक्ष्म सोल्डरिंग करून सुटतो. त्यासाठी नवा स्टिरिओ विकू पाहणाऱ्याचे ऐकू नये.

दुरुस्तीला गाडी देताना चार्जर काढल्यावर काय झाले, आवाज शून्यावर आणल्यावर काय झाले, ब्लूटूथवर काय झाले आणि त्रास दुपारी होतो की सकाळीही, एवढे चार निष्कर्ष कारागिराला सांगावेत. गाडी परत घेताना इंजिन चालू, दिवे, एसीचा पंखा आणि चार्जर हे सारे सुरू ठेवून ॲक्सिलरेटर वाढवून ऐकावे, कारण इंजिन बंद असताना जवळजवळ प्रत्येक स्टिरिओ स्वच्छच वाजतो; आणि दोष उन्हातला असेल, तर गाडी तासभर दुपारच्या उन्हात उभी करून पुन्हा ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.